गोळीनं उठलेलं डोकं गोळीनं उतरत नाही

महिन्यात डोकं किती दिवस दुखतं, असं विचारलं की अर्धशिशीचा रुग्ण चटकन उत्तर देतो. गोळी किती दिवस घेता, असं विचारलं की ‘लागेल तशी’ एवढंच ऐकायला मिळतं. या लेखाचा सगळा भर त्या दुसऱ्या आकड्यावर आहे.

आधीपासून अर्धशिशी असलेल्या माणसाचं डोकं महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस दुखू लागलं आणि ३ महिन्यांहून जास्त काळ तो मर्यादेबाहेर गोळ्या घेत असला, तर ही गोळ्यांच्या अतिवापरातून आलेली डोकेदुखी धरतात. मर्यादा औषधागणिक वेगळी असते. नुसतं पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन असल्या एकेरी वेदनाशामकांसाठी महिन्याला १५ दिवस. ट्रिप्टान गट म्हणजे सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे अर्धशिशीच्या झटक्यावरची खास औषधं, त्याच कामाचं जुनं अर्गोटामिन, ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखी अफूवर्गातली औषधं आणि मिश्र गोळ्या यांच्यासाठी १० दिवस. वेगवेगळ्या गटांतल्या गोळ्या आलटून पालटून घेत असाल तर सगळे दिवस एकत्र धरून १०.

मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हे. एका वाईट दिवशी चार गोळ्या घेतल्या तरी हिशोबात एकच दिवस. पण रोज सकाळी ‘सवयीची’ अर्धी गोळी घेणाऱ्याचे ३० दिवस भरतात, आणि धोका त्यालाच जास्त.

मिश्र गोळी म्हणजे एकाहून जास्त औषधं असलेली गोळी. ते गोळ्यांच्या पत्त्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन आहे. व्हॅसोग्रेनमध्ये अर्गोटामिन, १०० मिलिग्रॅम कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. म्हणजे ‘मी काही स्ट्राँग घेत नाही, साधीच गोळी घेते’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी प्रत्यक्षात १० दिवसांच्या यादीत बसतात.

हे कशामुळे होतं? अर्धशिशीच्या मेंदूतली वेदनेची यंत्रणा मुळातच हळवी असते. तिला वारंवार गोळी मिळत राहिली की ती आणखी हळवी होते आणि औषधाचा अंमल उतरला की स्वतःच ठणकू लागते. त्या ठणक्यावर गोळी घेतली की बरं वाटतं, म्हणून गोळी लागतेच अशी खात्री पटते. ज्याला डोकेदुखीचा मूळ त्रासच नाही, त्यानं गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक घेतलं तर पोट आणि मूत्रपिंड बिघडेल, पण ही डोकेदुखी सहसा होत नाही. ही गोष्ट नवी नाही. अर्गोटामिन बंद केल्यावर रोजची डोकेदुखी कमी होते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी १९५१ मध्येच नोंदवलं होतं.

ओळखायची एक खूण आहे. अर्धशिशीचा झटका एका बाजूला ठणकतो, मळमळ आणतो, जिना चढलं तरी वाढतो. गोळ्यांचं डोकं बहुधा सकाळी जाग येतानाच जड असतं, दोन्हीकडे, कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. दात घासता घासता गोळीची आठवण होते. अधूनमधून त्याच्यावर खरे झटके चढतात, त्यामुळे माणूस दोन्हींना ‘पित्त’ म्हणून मोकळा होतो. (उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून पित्त, हा तर्क आपल्याकडे इतका पक्का आहे की अर्धशिशीचे रुग्ण वर्षानुवर्षं पित्ताच्याच गोळ्या खातात. अर्धशिशीत उलटीनंतर उतार पडणं नेहमीचंच आहे, त्यावरून पोट दोषी ठरत नाही.)

आधी चार आठवडे नुसती नोंद

लगेच काही बंद करू नका. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे कॅलेंडर आहे, ज्यावर दुधाचा खाडा मांडता, तेच घ्या. मोबाइलमधलं अ‍ॅप चार दिवसांत विसरलं जातं, भिंतीवरची चौकट रोज दिसते. प्रत्येक तारखेत डोकेदुखीचा ० ते ३ असा आकडा: ० काही नाही, १ काम करता येतं, २ अडखळत करता येतं, ३ अंथरुणात. त्याच्याखाली घेतलेल्या औषधाचं पहिलं अक्षर आणि वेळ. पाळीच्या दिवसांना गोल, उपासाला ‘उ’, रात्रपाळीला ‘रा’.

गोळी कशासाठी घेतली हे पाहू नका. पाळीत पोट दुखतं म्हणून घेतलेली मेफ्टाल-स्पाझ, सर्दीची गोळी (बहुतेकींत पॅरासिटामॉल असतंच), दाढेसाठी, कंबरेसाठी घेतलेली वेदनाशामक, सगळी हिशोबात. मेंदूला कारण कळत नाही, त्याला औषध तेवढं कळतं. बाम मात्र मोजायचा नाही. उग्र वासानं ज्यांचं डोकं आणखी चढतं त्यांनी तो लांब ठेवावा, एवढंच.

महिनाअखेर दोन बेरजा करा: डोकं दुखलेले दिवस आणि गोळीचे दिवस. समजा ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणाऱ्या मुलीच्या कॅलेंडरवर २२ आणि १८ असे आकडे आले, त्यातले ११ दिवस मिश्र गोळीचे. निदान जवळपास झालंच. तरीही पुढची पायरी डॉक्टरांकडेच.

कोणी घरी प्रयत्न करू नये

ट्रॅमाडॉल, कोडीन किंवा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या रोज घेत असाल तर त्या एकदम बंद करणं धोक्याचं आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टर आठवड्या-आठवड्यानं उतरवतात. गरोदरपण, हृदयविकार, तीव्र नैराश्य, किंवा आधी दोनदा प्रयत्न फसलेला असेल तर दाखल होऊन करणं सोयीचं पडतं.

अर्गोटामिन वारंवार घेणाऱ्याची बोटं गार पडत असतील, पांढरी पडत असतील, पायात गोळे येत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे औषध रक्तवाहिन्या आवळतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारख्या अँटिबायोटिकबरोबर ते रक्तात साठतं, म्हणून घशासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हे सांगायला विसरू नका. अर्गोटामिन घेतल्यावर २४ तासांत ट्रिप्टान घ्यायचं नाही.

आणि ज्या डोकेदुखीत अतिवापराचा विचारही नंतर: क्षणात वीज कोसळल्यासारखं उठलेलं डोकं, ताप आणि ताठ मान, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, नजर जाणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, डोक्याला मार लागल्यानंतरचा त्रास. यात कॅलेंडर मांडत बसायचं नाही, थेट अपघात विभाग.

डॉक्टरांकडे जाताना

सोबत तीन गोष्टी हव्यात: कॅलेंडरचं पान, घरातल्या सगळ्या औषधांचे रिकामे पत्ते एका पिशवीत, आणि आतापर्यंत घेतलेल्या रोजच्या, म्हणजे झटका टाळण्यासाठीच्या, औषधांची यादी, मात्रा आणि किती आठवडे घेतली यासह. ‘प्रोप्रॅनोलॉल घेऊन पाहिलं, उपयोग नाही झाला’ या वाक्याला अर्थ नाही. २० मिलिग्रॅम १० दिवस घेतलं असेल तर ते घेतल्यासारखंच नाही.

केमिस्ट पत्ता कापून दोन-चार गोळ्या देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदत दुसऱ्यावर. दुकानातच अख्ख्या पत्त्याच्या मागच्या बाजूचा फोटो घेऊन ठेवा.

ठाणे-नवी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात जायचं तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं सार्वजनिक रुग्णालय इथल्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करता येते. मेंदूविकारतज्ज्ञच हवे असतील तर परळचं केईएम किंवा शीव रुग्णालय. मात्र हे चक्र तोडायला प्रत्येकाला तज्ज्ञ लागतोच असं नाही. नॉर्वेतल्या अभ्यासात कुटुंबाच्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितल्यावरही बऱ्याच जणांची गोळी सुटली.

तपासणीत रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या मागून घ्या. वर्षानुवर्षं वेदनाशामकं घेतलेल्यांत इथेच काही तरी सापडतं. तपासणीत सगळं ठीक असेल आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर एमआरआयचा हट्ट धरू नका.

बंद एकदम, की हळूहळू?

साधी वेदनाशामकं, मिश्र गोळ्या, ट्रिप्टान आणि अर्गोटामिन एकदम बंद करता येतात, आणि बहुतेकांना तेच सोपं जातं. ‘आठवड्यात दोनच’ असं ठरवलं की प्रत्येक दुखण्याला आजचा दिवस त्या दोनांतला का, हा वाद मनाशी सुरू होतो. डेन्मार्कमध्ये ७२ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) दोन महिने पूर्ण बंद ठेवणारे, आठवड्याला दोन दिवसांची मुभा असलेल्यांपेक्षा पुढे निघाले. तिथल्याच १२० रुग्णांच्या २०२० च्या चाचणीत गोळी बंद करणं आणि रोजचं प्रतिबंधक औषध पहिल्या दिवसापासून देणं, ही जोडी सरस ठरली. अमेरिकेतल्या ७२० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) मात्र प्रतिबंधक औषध चालू असलं तर गोळ्यांवर बंधन घातलं काय, न घातलं काय, १२ आठवड्यांनी फारसा फरक दिसला नाही.

या तिन्हींतून आमचा अर्थ असा: गोळी बंद करायला जमत असेल तर करा, पण प्रतिबंधक औषधाशिवाय नुसत्या निश्चयावर उतरू नका. निश्चय पाचव्या दिवशी संपतो, औषधाला मात्र तेव्हा अजून सुरुवातच झालेली असते.

प्रतिबंधक औषधं सावकाश चढवतात. प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे ४० ते ८० दोनदा. दमा असेल तर नाही. अमिट्रिप्टिलीन रात्री १०, पुढे २५ किंवा ५०. झोप कमी असणाऱ्याला सोयीचं, पण तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं. टोपिरामेट २५ पासून दर आठवड्याला २५ वाढवत १०० पर्यंत. बोटांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मूतखडा असेल तर जपून. मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीनं ते खात्रीच्या गर्भनिरोधकाशिवाय घेऊ नये. व्हॅल्प्रोएट अशा स्त्रीला देऊच नये. फ्लुनारिझिन रात्री ५ ते १०. त्यानं सुस्ती आणि वजन वाढतं, मन खचतं, वयस्कांत हातांना कंप सुटतो. या औषधांना दोन-तीन महिने द्यावे लागतात. पंधरा दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडणं ही सगळ्यात सामान्य चूक.

साध्या औषधांनी भागलं नाही तर बोटुलिनम टॉक्सिन (३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी) किंवा सीजीआरपी या वेदनेच्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं आहेत. परिणामकारक आहेत, पण खिसा पाहून.

दिवस ठरवणं

श्रावणातले उपास, गणपतीतले ढोल, नवरात्राचे नऊ दिवस, दिवाळीचे फटाके, हिशोब बंद करायचा मार्च, मुलांची दहावी. यातलं काहीही दोन आठवड्यांच्या आत येत असेल तर तारीख पुढे ढकला. उपास तर या काळात नकोच. पोट रिकामं राहणं हेच झटक्याचं मोठं निमित्त आहे. घरात कोणी ‘एकादशी तरी कर’ म्हणालं तर डॉक्टरांचं नाव पुढे करा.

नोकरदारानं गुरुवारी रात्री शेवटची गोळी घ्यावी आणि शुक्रवारची रजा टाकावी. कारण असं: मिश्र गोळ्यांतलं कॅफीन थांबल्यावरचं डोकं १२ ते २४ तासांत सुरू होतं आणि साधारण पहिल्या दोन दिवसांत कळस गाठतं. तो कळस शुक्रवार-शनिवारवर येतो, सोमवारी सकाळी ठाण्याहून वाशीच्या गाडीत लोंबकळताना येत नाही. घोडबंदर रोडवर स्वतः गाडी चालवत कामावर जाणाऱ्यानं पहिले चार दिवस गाडी घेऊच नये.

चहा आणि गोळी एकाच दिवशी सोडू नका. दिवसाला सहा कटिंग होत असतील तर आधीच्या दोन आठवड्यांत दर तीन दिवसांनी एक कमी करत दोनवर या, आणि ते दोन रोज ठरल्या वेळी घ्या.

पहिले दहा दिवस

डोकं आधी वाढणार. हे माहीत नसलं की माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही.’ ट्रिप्टानवाल्यांचा हा त्रास सरासरी चार दिवस, अर्गोटामिनचा आठवडाभर, वेदनाशामकांचा नऊ-दहा दिवस टिकतो. सोबत मळमळ, उलटी, धडधड, घाम, झोप उडणं, चिडचिड.

काय घेता येतं? उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मेटोक्लोप्रामाइड पाच दिवसांवर नको, आणि तरुणांत कधी मान-जबडा वाकडा होऊन आखडतो. तसं झालं तर घाबरायचं नाही, पण लगेच इंजेक्शनसाठी जायचं. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डोम्पेरिडोन नको. ज्यांचा अतिवापर ट्रिप्टानचा किंवा अर्गोटामिनचा आहे, त्यांना डॉक्टर थोडे दिवस नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणानंतर, ठरलेल्या वेळी देतात. दुखलं म्हणून घ्यायचं नाही, वेळ झाली म्हणून घ्यायचं, आणि ठरल्या तारखेला थांबवायचं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं असतील तर नाही. काही डॉक्टर डोक्याच्या मागच्या शिरेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात. त्यानं बऱ्याच जणांचे हे दिवस निभावतात.

बाकी साधंच. मानेमागे कापडात गुंडाळलेला बर्फ, १५ मिनिटं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट, उलट्या जास्त असतील तर ओआरएस. मुगाची खिचडी, मऊ भात, काही नाही तर भाकरीचा तुकडा, पण तीन-चार तासांवर काही तरी पोटात. खोली अंधारी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. झोपायची आणि उठायची वेळ रोज तीच. दुपारी लांब झोपलात तर रात्र गेली. पाण्याचा घोटही ठरत नसेल, २४ तासांत लघवी जेमतेम होत असेल, तर सलाइन लावावं लागतं.

घरच्यांचं एकच मोठं काम: घरातल्या डोकेदुखीच्या सगळ्या गोळ्या शेजाऱ्यांकडे किंवा कुलपात. पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, गाडीचा कप्पा, देव्हाऱ्यामागचा डबा, सगळं बघायचं. आणि ‘इतका त्रास होतोय तर घे ना एक’ हे वाक्य दहा दिवस तोंडातून काढायचं नाही.

एखाद्या वाईट रात्री गोळी घेतलीच गेली तर? कॅलेंडरवर लिहा आणि पुढच्या सकाळपासून तसंच चालू ठेवा. एका गोळीनं दहा दिवस वाया जात नाहीत. ‘आता मोडलंच आहे’ म्हणून पुढच्या चार गोळ्या घेतल्या की मात्र जातात.

दुसऱ्या महिन्यापासून

सकाळचं जडपण आधी ओसरतं, खरे झटके राहतात, आणि आता ते वेगळे ओळखू येतात. साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दोन बेरजा करा. २२ चे १० झाले असतील तर गाडी रुळावर आहे. काहीच फरक नसेल तर निदान किंवा प्रतिबंधक औषध, दोन्हींचा पुन्हा विचार व्हायला हवा.

आता झटक्याची गोळी परत मिळते, पण शिधा ठरवून: आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस. खरा झटका असेल तर लवकर आणि पुरेशी घ्यायची. अर्धी गोळी, दोन तासांनी पुन्हा अर्धी, रात्री एक, असं तुकड्यातुकड्यानं घेतलं की दुखणंही जात नाही आणि मोजदाद वाढत राहते. डॉक्टरांनी ट्रिप्टान लिहून दिलं असेल तर ते हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात चालत नाही, हे शेजारणीला ‘माझी घेऊन बघ’ म्हणताना ध्यानात ठेवा. म्हणजे म्हणूच नका.

घरात एका वेळी चारपेक्षा जास्त गोळ्या आणायच्या नाहीत. अख्खं पाकीट स्वस्त पडतं, पण हाताशी असलेलं पाकीट संपतंच. मिश्र गोळ्या, कोडीन आणि ट्रॅमाडॉल या यादीत परत आणायचेच नाहीत.

घसरण बहुधा पहिल्या वर्षात होते, साधारण तिघांतल्या एकाची. निमित्त नेहमीचंच: लग्नसराई, कामाची पाळी बदलणं, दाढ, लांबलेला ताप. प्रतिबंधक औषध सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात. बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडणाऱ्याचं कॅलेंडर पुन्हा भरायला वेळ लागत नाही. म्हणून वर्षभर भिंतीवरचे आकडे लिहीत राहायचे. गोळीचे दिवस एका महिन्यात ८ झाले तर पुढचा महिना जपून, सलग दोन महिने १० च्या घरात गेले तर पुढच्या झटक्याची वाट न पाहता तेच पान घेऊन ओपीडी गाठायची.